जंगली टर्की पाडली, आता पुढे काय? साफ करण्यापासून रश्श्यापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनच्या जवळ राहतो, टर्कीच्या शिकारीला बरीच वर्षं जातोय आणि इथल्या आपल्या लोकांत माझी ओळखच "तो टर्कीवाला" अशी झालीये, त्यामुळे कोणी पहिला पक्षी पाडला की फोटो आधी मला येतो आणि खाली लगेच "झालं, आता काय करू?" दरवर्षी तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवलंय. नियमांच्या गोष्टी विस्कॉन्सिनच्या आहेत, तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल तर तिथलं नियमांचं पुस्तक वाचा, प्लीज.

१. जंगली टर्की म्हणजे थँक्सगिव्हिंगला आणतो तीच ना? मग वेगळं काय करायचं?

जात एकच, पण पक्षी एकदम वेगळा. दुकानातली टर्की म्हणजे बॉयलर कोंबडी आणि जंगली टर्की म्हणजे गावरान कोंबडी, एवढं डोक्यात ठेवलं की निम्मं काम झालं. पूर्ण वाढलेला नर साधारण ७ ते ११ किलो भरतो, दिवसभर रानात चालतो, रात्री उडून झाडावर बसतो, त्यामुळे अंगात चरबी कमी, मांस गडद आणि तंगड्या दगडासारख्या. दुकानातल्या टर्कीत बऱ्याचदा मिठाचं पाणी टोचलेलं असतं म्हणून ती ओव्हनमध्ये कशीही भाजली तरी निभावून जाते, ही निभावत नाही. शिवाय ती साफ होऊन पिशवीत बसून येते. इथे गरम, पिसांसकट, रक्त लागलेला पक्षी हातात असतो.

गंमत म्हणजे विस्कॉन्सिनमधून हा पक्षी एकेकाळी पूर्ण संपला होता. १९७६ साली मिसूरीतून २९ टर्की आणून व्हर्नन काउंटीत सोडल्या, बदल्यात इथले तितरासारखे ग्राउस पक्षी त्यांना दिले, आणि आज माझ्या ऑफिसच्या पार्किंगमध्येही टर्की रस्ता अडवून उभ्या असतात.

२. पक्षी पडला की सगळ्यात आधी काय?

आधी बंदूक. सेफ्टी लावा, मग जवळ जा आणि पक्षी मेलाय याची खात्री करून बंदूक रिकामी करा. पडलेली टर्की बराच वेळ पंख आपटत राहते, नवीन माणूस एक्साइट होऊन तिला दोन्ही हातांनी धरायला जातो आणि नराच्या पायामागचा काटा मनगटात घुसतो. डोक्यावर बूट ठेवून थांबा, अंग आपोआप शांत होतं.

नंतर कागदपत्रं (प्रश्न ३), मग फोटो, आणि फोटो म्हणजे पाच मिनिटं, फोटोशूट नाही. गाडीपर्यंत नेताना पक्षी भडक नारिंगी कापडात किंवा पिशवीत गुंडाळून न्या. खांद्यावर लटकवलेली, लाल-निळ्या डोक्याची टर्की झाडीतून हलताना दिसली तर दुसऱ्या शिकाऱ्याला काय वाटेल याचा विचार करा.

३. रजिस्ट्रेशन साफ करायच्या आधी की नंतर?

विस्कॉन्सिनमध्ये पक्षी हातात आल्यापासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत रजिस्टर करावा लागतो, म्हणजे शिकार मिळाल्याची नोंद राज्याच्या वन्यजीव खात्याकडे करायची, ऑनलाइन किंवा फोनवर. मी जंगलातच रेंज मिळाली की करून टाकतो, मग पुढे डोक्याला ताप नाही.

काही राज्यांत पक्ष्याला जागेवरून हलवायच्या आधीच टॅग बांधावा लागतो. वसंतातल्या सीझनला बहुतेक ठिकाणी फक्त नर किंवा दाढीवाला (छातीवरून केसांसारखा झुबका लोंबणारा) पक्षी मारायची परवानगी असते, त्यामुळे तो नर होता हे दाखवणारा भाग (छातीवरची दाढी वगैरे) धडाला तसाच ठेवा असाही नियम कुठेकुठे असतो. म्हणून दाढी कापायची घाई नको, आधी नियम बघा, मग सुरी काढा.

४. जंगलातच पोट साफ करायचं का घरी आणून?

हे हवेवर आहे. आमचा सीझन एप्रिलच्या मध्यापासून मेच्या शेवटापर्यंत सहा आठवडे टप्प्याटप्प्याने चालतो, पहिल्या आठवड्यात कधीकधी बर्फ असतो आणि शेवटच्या आठवड्यात शर्ट घामाने भिजलेला. थंडी असेल आणि घर तासाभरावर असेल तर पोट न फाडता आणा, मातीही लागत नाही. हवा उबदार असेल, किंवा घरी पोचायला वेळ असेल, तर तिथेच आतडी काढा आणि पोटात बर्फाची पिशवी कोंबा.

पक्ष्याचं अंग जिवंतपणीच ४० अंशाच्या वर गरम असतं आणि पिसं म्हणजे रजईच, उष्णता आत कोंडून राहते. मांस लवकरात लवकर ४ अंश सेल्सिअसच्या खाली न्यायचंय. माझा पहिला पक्षी मेमधला. मी तो डिकीत टाकला, वाटेत मित्राकडे दाखवायला थांबलो, तिथे चहा झाला, पोहे झाले, आणि तीन तासांनी डिकी उघडली तेव्हा आलेला वास मला अजून आठवतो. सगळा पक्षी टाकला. त्यानंतर बर्फाचा कूलर घेतल्याशिवाय मी घरातून निघत नाही.

५. पोट साफ करायची नेमकी पद्धत सांगा ना, व्हिडिओत सगळं फार पटकन करतात

पक्षी पाठीवर झोपवा. हातात ग्लोव्हज. छातीचं हाड जिथे संपतं तिथून शेपटीकडे हात फिरवला की मऊ पोट लागतं, तिथली मूठभर पिसं उपटून कातडी दिसू द्या. हाडाच्या टोकाखाली कातडी चिमटीत वर उचलून छोटा काप द्या आणि तिथून मागच्या छिद्रापर्यंत वरवर फाडत न्या, सुरीचं पातं आकाशाकडे, खाली नाही. खाली दाबलं की आतडं फुटलंच म्हणून समजा (फुटलं तर प्रश्न १२). छिद्राच्या भोवती गोल कापून ते मोकळं करा म्हणजे आतड्यासकट बाहेर येतं.

आता हात आत, छातीच्या हाडाला वरून चिकटवत अगदी पुढे गळ्यापर्यंत न्या, बोटं वाकवा आणि सगळं एकत्र मागे ओढा. कोंबडी घरी साफ केलेली असेल त्यांना हे नवीन नाही, फक्त इथे हात कोपरापर्यंत आत जातो. कलेजी, हृदय आणि पेटा वेगळ्या पिशवीत घ्या. कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी तेवढी सांभाळून, फुटली तर कडू. फुप्फुसं गुलाबी, बरगड्यांत घट्ट बसलेली असतात, ती नखांनी खरवडून काढावी लागतात, नवीन लोक हमखास विसरतात.

६. गळ्याजवळ एक फुगलेली पिशवी असते ती काय? काढायचीच का?

ती दाण्याची पिशवी, खाल्लेलं आधी तिथे साठतं. हो, काढायचीच आणि लवकर, कारण आतलं ओलं धान्य आंबतं आणि त्याचा वास छातीच्या मांसाला लागतो. मानेच्या मुळाशी कातडी चिरून बोटांनी सुटी करा, कातडीला आणि मांसाला पातळ पडद्याने चिकटलेली असते, सुरी न लावता निघते.

टाकायच्या आधी एकदा कापून आत बघा. मला यातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं. कधी क्लोव्हरची हिरवी पानं, कधी शेतात सांडलेला मका, कधी ओकची मागच्या वर्षीची फळं, कधी किडे. आज सकाळी पक्षी कुठे चरत होता ते कळतं आणि पुढच्या वेळी कुठे बसायचं तेही.

७. पिसं उपटू का सरळ कातडीसकट सोलून काढू?

अख्खी भाजायची असेल किंवा स्मोक करायची असेल तर पिसं उपटा, कातडी राहिली तर मांस कोरडं पडत नाही. रस्सा, सुकं, खिमा करणार असाल तर सोला, पंधरा मिनिटांत मोकळे. मी स्वतः दहातले आठ पक्षी सोलतो. आपल्या मसाल्यात त्या कातडीचं काही काम नसतं आणि दोन तास पिसं उपटत बसण्यात कसलं पुण्य आहे ते मला कळलेलं नाही.

काहीही करा, शेपटीचा पंखा आणि दाढी ठेवायची असेल तर ती आधी कापून बाजूला ठेवा (प्रश्न १९). आणि उपटणार असाल तर शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला पिवळी तेलाची गाठ असते ती खोलवर कापून टाका, नाहीतर भाजताना वास मारते.

८. आमच्याकडे गावाला कोंबडी आधणाच्या पाण्यात बुडवायचे. तसंच केलं तर कातडी सोलून आली, काय चुकलं?

पाणी उकळतं होतं, तेच चुकलं. आजीच्या हाताला अंदाज होता, ती कोंबडी घालून लगेच काढायची. टर्की मोठी, तिला जास्त वेळ बुडवावी लागते आणि तेवढ्यात उकळत्या पाण्यात कातडी शिजते. पाणी ६० ते ६५ अंशांवर ठेवा, थर्मामीटर लावा, पायाला धरून पक्षी आत-बाहेर हलवत राहा आणि अर्ध्या-पाऊण मिनिटाने शेपटीचं किंवा पंखाचं एक पीस ओढून बघा. सहज आलं की बस्स. पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण टाकला तर पाणी पिसांच्या आतपर्यंत पोचतं.

भांडं हा खरा प्रॉब्लेम, घरातल्या कुठल्याच पातेल्यात दहा किलोची टर्की बसत नाही. टर्की तळायचा तो उंच अॅल्युमिनियमचा डबा आणि अंगणातला गॅस बर्नर बेस्ट. शेवटी राहिलेली बारीक लव टॉर्चने किंवा गॅसवर भाजून काढा आणि हळद-मीठ चोळून धुवा, इथे आजी शंभर टक्के बरोबर होती.

९. इथले लोक फक्त ब्रेस्ट काढतात आणि बाकी टाकून देतात, तेवढंच केलं तर चालेल?

करता येतं, पण माझ्यासमोर करू नका. मांड्या, तंगड्या, पंख, मान, पाठ टाकायची म्हणजे रश्श्याचा सगळा जीव टाकायचा. खाण्यालायक मांस वाया घालवणं बऱ्याच राज्यांत गुन्हाही आहे, आणि नेमकं कुठपर्यंत "खाण्यालायक" धरायचं हे राज्यागणिक बदलतं.

छाती काढायची पद्धत सोपी आहे. मधलं उंच हाड बोटाला लागतं, त्याच्या एका बाजूला सुरी उभी चालवा आणि हाडाला घासत घासत मांस बाहेरच्या बाजूला सोडवत न्या, पुढे विशबोनच्या (गळ्याजवळच्या V आकाराच्या हाडाच्या) कडेने वळा. एक मोठा तुकडा हातात येतो. त्याच्या आतल्या बाजूला एक सुटी लांब पट्टी असते आणि तिच्यात पांढरी शीर, ती शीर कागदी टॉवेलने धरून ओढून टाका. मग मांडी बाहेर मोडा, खुब्याचा सांधा टक्क करून निघतो, तिथे कापा. मांडी आणि तंगडी वेगळी करून ठेवा. उरलेला सांगाडा पोत्यात नाही, स्टॉकच्या भांड्यात.

१०. छातीवर पिवळट, स्पंजसारखा जाड थर आहे. रोग आहे का?

नाही, घाबरू नका. वसंतातल्या मोठ्या नराच्या छातीवर हा असतोच, इथे त्याला ब्रेस्ट स्पंज म्हणतात. विणीच्या दिवसांत नर माद्यांच्या मागे इतका धावतो की खाणंपिणं विसरतो, तेव्हा हीच साठवलेली चरबी त्याला पुरते. सीझनच्या सुरुवातीला जाड असतो, शेवटी शेवटी वाळून जातो. चवीला वाईट आणि फ्रीजरमध्ये लवकर खवट होतो, म्हणून पूर्ण कापून टाका.

११. मांसात छर्रे राहिले असतील तर? मुलं खाणार आहेत

टर्कीच्या डोक्या-मानेवर नेम धरतात, त्यामुळे छाती बऱ्याचदा स्वच्छ असते, पण चार-पाच छर्रे सापडतातच. मांस उजेडात धरून बघा, काळंनिळं छिद्र दिसलं की तिथे बोट फिरवा. छर्रा आत जाताना पिसाचा तुकडा ओढून नेतो, ते पीस टोकावरून धरून ओढलं की छर्रा कुठे थांबला तेही कळतं. आजूबाजूचं रक्ताळलेलं मांस सढळ हाताने कापून टाका.

आता महत्त्वाचं. साधे टर्कीचे छर्रे शिशाचे असतात आणि शिशाचे डोळ्यांना न दिसणारे कणही मांसात सुटतात. लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी मी जखमेजवळचं मांस वापरतच नाही. दुसरं, शिशाचा छर्रा आत असताना मांस दही, लिंबू, व्हिनेगर, कोकम असल्या आंबटात मुरवायचं नाही, आंबटात शिसं जास्त विरघळतं. आधी छर्रे काढा, मग मॅरिनेट. मी आता टंगस्टनचे वापरतो. महाग आहेत, पण शिशाची भीती नाही, फक्त दाताखाली आला तर दात जाईल इतका कडक. आणि चुंबक फिरवून शिसं सापडत नाही, चुंबकाला स्टील चिकटतं. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाचे छर्रे बंदच आहेत.

१२. गोळी पोटात लागली, आतडी फुटून सगळं आत पसरलंय. टाकून देऊ?

अख्खा पक्षी टाकायची गरज बहुतेक नसते. ताबडतोब आतडी काढा, जे मांस हिरवट झालंय किंवा घाण लागलीये ते सुरीने कापून टाका, नुसतं धुऊन भागत नाही. बाकीचं वाहत्या थंड पाण्याखाली पटकन धुऊन कागदाने कोरडं करा आणि बर्फात. बादलीभर पाण्यात भिजत ठेवू नका, एका जागची घाण सगळीकडे पसरते. छाती आणि तंगड्या बाहेरच्या बाजूने काढल्या (प्रश्न ९) तर पोटाशी संबंधच येत नाही, अशा वेळी तोच बरा मार्ग. वेळ जास्त गेला असेल आणि मांसालाच वास येत असेल तर मात्र विचार करत बसू नका, टाका.

१३. अपार्टमेंटमध्ये राहतो, हे सगळं करायचं कुठे?

बाथटबमध्ये नाही. हे सांगावं लागतंय कारण एकाने केलं होतं, आणि त्याच्या सासूबाई तेव्हा भारतातून आलेल्या होत्या.

ज्याच्या शेतावर शिकार केली त्यालाच विचारा, बहुतेक शेतकरी खुशीने गोठ्याजवळचा नळ आणि टेबल देतात, त्यांना थोडं मांस द्या. नाहीतर जंगलातच आतडी काढून छाती-तंगड्या सोलून कूलरमध्ये घरी आणा, नियम परवानगी देत असेल तर (प्रश्न ३). पिसं, आतडी दोन पिशव्यांत बांधून कचऱ्याच्या दिवसाच्या आदल्या रात्रीपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवा. रस्त्याकडेला फेकायचं नाही.

एक अजून, पक्षी थंड होताना त्याच्या पिसांतल्या उवा बाहेर निघतात आणि तुमच्या अंगावर रानातल्या गोचिडी असू शकतात. कपडे सरळ ड्रायरमध्ये गरम फिरवा आणि अंग तपासा.

१४. त्याच दिवशी शिजवलं तर रबरासारखं लागलं. का?

मेल्यावर अंग आखडतं ना, त्या अवस्थेत शिजवलं म्हणून. साफ करून, झाकून एक दिवस फ्रीजमध्ये राहू द्या, अंग सैल पडतं. त्याहून फार जास्त नको, कच्ची कोंबडीवर्गातली वस्तू फ्रीजमध्ये एक-दोन दिवस, नंतर फ्रीजर. तुकडे कोरडे करून, हवा काढून घट्ट पॅक करा, वर तारीख आणि "छाती" किंवा "तंगडी" लिहा, दोन महिन्यांनी ओळखू येत नाही. बाहेर काढताना ओट्यावर नाही, फ्रीजमध्येच विरघळवा, अख्खा पक्षी असेल तर दर दोन किलोला एक दिवस धरा.

१५. मिठाच्या पाण्यात ठेवायची असते म्हणे, ब्राइन. खरंच गरज आहे?

छाती भाजणार असाल तर हो. एक लिटर पाण्याला ५०-६० ग्रॅम मीठ, थोडी साखर, मिरी, तमालपत्र, रात्रभर फ्रीजमध्ये. मांस पाणी धरून ठेवतं. रस्सा करायचा असेल तर कशाला? हळद, मीठ, आलं-लसूण चोळून रात्रभर ठेवलं की तेच काम होतं. दोन्ही केलं तर मात्र रश्शात मीठ घालताना हात आवरा, आमच्याकडे एकदा पाहुण्यांनी नुसता भात खाल्लाय.

१६. तंगड्या शिजतच नाहीत! सहा शिट्ट्या झाल्या तरी दगड

या प्रश्नाचे मेसेज मला सगळ्यात जास्त येतात. टर्कीच्या तंगडीत काडीसारख्या कडक शिरा असतात, त्या हाडासारख्याच होतात आणि कितीही शिजवल्या तरी विरघळत नाहीत. मांस मात्र विरघळतं, फक्त वेळ द्यावा लागतो. कोंबडीचा हिशोब विसरा, म्हाताऱ्या बोकडाचा धरा.

मी असं करतो. मांड्या-तंगड्या हळद, मीठ, थोडं आलं-लसूण लावून, बुडतील इतकं पाणी घालून कुकरला लावायच्या, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक आणि ४५-५० मिनिटं. इन्स्टंट पॉटला तासभर आणि वाफ आपोआप जाऊ द्यायची. दोन-तीन वर्षांचा नर असेल तर अजून पंधरा मिनिटं. वय काट्यावरून कळतं, जेकचा म्हणजे वर्षाच्या नराचा काटा अर्ध्या इंचाहून लहान बोंड असतो, एक इंचाच्या वर गेला की म्हातारा समजा.

मांस हाडावरून गळायला लागलं की गार करून तोडून घ्या, काड्या टाका. मांडीत काड्या कमी, तिचे तुकडे तसेच राहू द्या. कुकरमधलं पाणी म्हणजे अस्सल आळणी, मुलांना आधी भातावर तेच द्या. मग कांदा-खोबरं भाजून वाटण, वर कांदा-लसूण मसाला आणि तांबडा रस्सा. गडद मांसाला हा मसाला असा चढतो की ब्रॉयलर कोंबडीला कधी चढलेला मी बघितला नाही. ज्या मित्राने मला शिकार शिकवली तो इथलाच, जन्मभर तंगड्या टाकत आलेला, त्याला एकदा भाकरीबरोबर वाढला. आता तो स्वतःच्या तंगड्या मला आणून देतो आणि बदल्यात डबा मागतो.

१७. आणि छाती? ती कोरडी भुसा होते

उलटा नियम, तंगडीला वेळ आणि छातीला घाई. मधोमध थर्मामीटर खुपसून ७४ अंश झालं की खाली उतरवा, सरकारी सल्ला तोच आहे, त्याच्यापुढे प्रत्येक मिनिटाला मांस सुकतं. आडवे धाग्यांविरुद्ध पातळ काप करून तव्यावर सुकं केलं तर फार लवकर होतं. छाती आणि तंगडी एकाच पातेल्यात एकाच वेळी घालणं ही सगळ्यात कॉमन चूक, एक शिजेपर्यंत दुसरीचं वाटोळं होतं. कंटाळा आला तर छातीचा सरळ खिमा करा, पण चरबी नाही म्हणून तेल किंवा तूप जरा जास्त.

१८. कलेजी-पेटा खायचा का? आणि आजारी पक्षी कसा ओळखायचा?

पेटा जरूर. मधून चिरा, आतले खडे आणि दाणे धुवा, आतलं पिवळं जाड कातडं सोलून टाका आणि कुकरला लावा. हृदयही. कलेजी आधी नीट बघा, ती एकसारखी गडद लाल आणि गुळगुळीत हवी. तिच्यावर फिक्कट गोल चट्टे, निशाण्यासारखी वर्तुळं दिसली तर तो ब्लॅकहेड नावाचा रोग असू शकतो.

डोक्यावर चामखिळीसारख्या गाठी, डोळे बंद होण्याइतके फोड, हाडाला चिकटलेली छाती, माणूस जवळ आला तरी न पळणारा पक्षी, असं काही दिसलं तर खाऊ नका, फोटो काढून राज्याच्या वन्यजीव खात्याला कळवा, ते चांगलं उत्तर देतात. आधीच असा दिसला तर मारूच नका. बर्ड फ्लूमुळे ग्लोव्हज आणि नंतर सुरी, फळी, हात साबणाने, हे तब्येतीने ठणठणीत पक्ष्यालाही लागू.

१९. शेपटीचा पंखा आणि दाढी भिंतीवर लावायचीये

पंखा शेपटीच्या मुळाशी थोड्या मांसासकट कापा, मग ते मांस आणि चरबी पिसांच्या देठापर्यंत अगदी खरवडून काढा. मांस राहिलं तर आळी पडते. बोरॅक्स (टाकणखार) चोळा, जाड पुठ्ठ्यावर पसरून टाचण्यांनी रोवा आणि तीन आठवडे कोरड्या जागी, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर. दाढी थोड्या कातडीसकट कापून त्या टोकाला बोरॅक्स. पंखांची पोकळ हाडं टाकू नका, उकळून साफ करून एकात एक बसवली की टर्कीला बोलवायची पिपाणी होते. माझ्या पिपाणीतून अजून तरी फक्त बदकाचा आवाज येतो.

२०. मी एच-वन-बी वर आहे, बंदूक धरता येते का?

फेडरल कायद्यात तात्पुरत्या व्हिसावाल्यांना बंदूक बाळगायला मुळात बंदी आहे आणि हातात वैध हंटिंग लायसन्स असणं हा त्यातला अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. व्हिसाचा मामला आहे, माझ्या सांगण्यावर जाऊ नका, वकिलाला विचारा. लायसन्ससाठी विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. मांसाचं म्हणाल तर मित्रांना देता येतं, विकता येत नाही, आणि भारतात बॅगेतून न्यायचा विचारही नको.

२१. गावाला रानकोंबडा, तितर असतात. हीच पद्धत तिकडे चालेल?

नाही, आणि कृपया विचारूही नका. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हा आहे, मग ते शेत स्वतःचं असो. सीझन, कोटा, लायसन्स ही इकडची पद्धत तिकडे नाहीच. हात बसवायचा असेल तर आठवडी बाजारातून जिवंत गावरान कोंबडा आणा आणि प्रश्न ५ पासून सुरू करा. सगळं जागच्या जागी असतं, फक्त हात मनगटापर्यंतच जातो.